पंचगंगेची पातळी सगळ्यांना पाठ, पाण्याचा कस कोण मोजणार?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? मग फूट-इंच, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे सगळं शाळकरी पोरसुद्धा सांगतं. ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ला ५६च्या वर, हे घरातल्यांच्या वाढदिवसांसारखं आपल्याला पाठ आहे.

आता तीच नदी जानेवारीत बघा. गळीत हंगाम जोरात, पाणी बंधाऱ्या-बंधाऱ्यात अडून बसलेलं, वर केंदाळ पसरलेलं. या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आज किती, असं शिवाजी पुलावर उभं राहून शंभर जणांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही. मासे पोटं वर करून तरंगायला लागले की बातमी येते, पंचनामा होतो, नमुना जातो. तोवर ते पाणी पुढच्या बंधाऱ्यात पोचलेलं असतं.

पातळीचा आकडा सगळे मानतात. का मानतात, यावर मी बराच विचार केला. पट्टी जागची हलत नाही. तिचं शून्य ठरलेलं आहे. वाचायच्या वेळा ठरलेल्या आहेत. आकडा त्याच दिवशी सगळ्यांसमोर येतो आणि शंका आलीच तर कुणीही काठावर जाऊन पट्टी बघू शकतो. वाचणारा माणूस शास्त्रज्ञ असावा लागत नाही. शहाणपण पट्टी बसवताना एकदा वापरलं गेलं, नंतर फक्त सातत्य लागतं.

जगभर नागरिक विज्ञानावर, म्हणजे साध्या लोकांनी मोजून-नोंदवून केलेल्या विज्ञानावर, काम करणारी मंडळी नेमकं हेच करत आलीत, असं माझं वाचून झालेलं मत. लोकांना शास्त्रज्ञ बनवणं हा त्यांचा उद्योग नाही. साधी माणसं जे मोजतील ते धोरण ठरवणाऱ्याच्या टेबलावर टिकावं म्हणून पट्टी कशी बसवायची, हे ते शोधतात. ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए या संशोधन संस्थेच्या डिलेक फ्राइस्ल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली संयुक्त राष्ट्रांचे शाश्वत विकासाचे सगळे निर्देशक तपासले. त्यातल्या सुमारे ३३ टक्के निर्देशकांना लोकांनी गोळा केलेली माहिती हातभार लावतेय किंवा लावू शकते, असं त्यांना आढळलं. प्रत्यक्षात त्या वेळी जेमतेम पाच निर्देशकांसाठी ती वापरात होती. म्हणजे मोजायला माणसं आहेत, घेणारा नाही.

डोक्यात आहे ते असं: प्रयाग चिखलीपासून तेरवाड बंधाऱ्यापर्यंत सात-आठ ठरलेल्या जागा. आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी, सगळीकडं एकाच वेळी, एकाच पद्धतीनं मोजणी. आकडे उघडे. कॉलेजं, शेतकरी, बचत गट, ज्यांना जमेल ते.

दोन प्रश्न. काय मोजावं? आणि मोजलेलं सरकारदरबारी कोण विचारणार? जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

---

तिखट रस्सा

पहिला प्रतिसाद माझा, म्हणून गोड असेल असं समजू नका.

नदी तपासायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, महापालिका आहे, विद्यापीठात अख्खा पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. पगार ते घेणार आणि पहाटे नदीत आम्ही उतरणार? उद्या रस्त्याचे खड्डे मोजा म्हणाल, मग बुजवा म्हणाल. नागरिक विज्ञान हे फुकट मजुरीला दिलेलं छान नाव आहे, असा माझा संशय आहे. खोडून दाखवा.

---

टायट्रेशन

रस्साभाऊंना उत्तर नंतर कुणीतरी देईलच. मी रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा पहिला प्रश्न घेते.

सुरुवातीला एकच गोष्ट मोजा: विरघळलेला ऑक्सिजन. पीएच, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट अशी लांबलचक यादी केली की चार आठवड्यांत सगळे थकतात आणि हातात अर्धवट तक्ते उरतात. सोबत पाण्याचं तापमान घ्या, कारण त्याशिवाय ऑक्सिजनचा आकडा वाचता येत नाही. २५ अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी आकडा बोलायला लागतो.

वेळ सर्वात महत्त्वाची. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात. त्यामुळं सूर्य उगवायच्या सुमाराला आकडा सर्वात खाली असतो आणि दुपारी तीनला हिरव्यागार, घाण पाण्यातसुद्धा ८-१० दिसू शकतो. दुपारचा आकडा दाखवून नदी ठणठणीत आहे असं कुणीही सिद्ध करील. म्हणून पहाटेची एकच वेळ ठरवा आणि ती पाळा. धागाकर्ते पट्टीचं शून्य म्हणतात ते इथं घड्याळात आहे.

पद्धत विंकलरची. तीनशे मिलीची काचेची बीओडी बाटली पाण्याखाली नेऊन भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन द्रावणं घालायची, बूच लावायचं, उलटीपालटी करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर संपलेला आहे. हा साका काठावरच्या म्हातारबाबालाही कळतो. पुढं आम्ल घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा आणि बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत आणायची. टायट्रेशन तिथं होईल. काठावर पोरांनी आम्लाला हात लावायचा नाही, ते काम मोठ्या माणसाचं. एका द्रावणातलं अझाइड विषारी असतं, हेही आधीच सांगून ठेवते.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायच्या, वाटेला जाऊ नका. आपल्याकडची प्रमाण पद्धत २७ अंशांना तीन दिवस बाटली ठेवायची आहे, उबवणपेटी लागते, पातळ करण्याचं गणित लागतं. ते कॉलेजवर सोडा.

---

यॉर्कशायरचा कोल्हापुरी

मी लीड्सजवळ राहतो, मूळचा शुक्रवार पेठेतला. इथून थोड्या अंतरावर इल्कली नावाचं गाव आहे, वॉर्फ नदीच्या काठी. उन्हाळ्यात पोरं नदीत डुंबतात. पाऊस झाला की सांडपाणी वाहिन्या भरून थेट नदीत वाहतात, ही तिथली रड.

गावकऱ्यांनी गट केला, नदीत ठिकठिकाणी नमुने घेतले, जिवाणूंसाठी तपासून घेतले. इथवर आपल्यासारखंच. खरी चलाखी पुढं आहे. इंग्लंडमध्ये समुद्रकिनारे आणि तळी यांना 'अंघोळीचं पाणी' असा कायदेशीर दर्जा मिळतो. तो मिळाला की सरकारी पर्यावरण संस्थेला मे ते सप्टेंबर नियमित नमुने घेऊन निकाल जाहीर करावेच लागतात. नदीला तो कधी मिळालाच नव्हता. या लोकांनी जिवाणूंचे आकडे तर काढलेच, शिवाय नदीवर किती माणसं येतात, किती पाण्यात उतरतात याचीही मोजणी केली आणि रीतसर अर्ज केला. डिसेंबर २०२० मध्ये वॉर्फच्या त्या पट्ट्याला दर्जा मिळाला. देशातली ती पहिली नदी.

२०२१ची पहिली वर्गवारी आली ती 'खराब'. लोक म्हणाले, मिळवलं काय? माझ्या मते बरंच मिळवलं. आधी ते सांगत होते नदी घाण आहे. आता दर मोसमात सरकार स्वतःच्या सहीनं सांगतं.

रस्साभाऊ, तुमच्या फुकट मजुरीला हे उत्तर. त्यांनी सरकारचं काम आयुष्यभर अंगावर घेतलं नाही. सरकारला ते टाळता येऊ नये इतपतच केलं.

---

तिखट रस्सा

उत्तर आवडलं, पूर्ण पटलं नाही. तिकडं अर्ज केल्यावर दर्जा देणारा कायदा होता. इकडं अर्ज केल्यावर पोचपावती मिळते, तीही मागितली तर.

---

काळा कोट

इकडंही कायदा आहे, तो वापरायची सवय नाही.

आधी वाईट बातमी. जल प्रदूषण कायदा १९७४च्या कलम २१ नुसार न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे: अधिकाऱ्यानं नोटीस द्यायची, नमुना दोन भागांत करायचा, सील करायचा, दोन्ही बाजूंच्या सह्या. तुमची बाटली कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तो कलम २१चा नमुना नाही. 'आमच्याकडं पुरावा आहे, कारखाना बंद करा' असं म्हणत गेलात तर समोरचा वकील पाच मिनिटांत गुंडाळेल.

चांगली बातमी. कलम ४९ खाली मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही व्यक्ती तक्रार दाखल करू शकते. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. लवाद बहुतेकदा संयुक्त समिती नेमून जागेवर जाऊन तपासायला सांगतो. समितीनं कुठं, कधी, कुठल्या वेळी जायचं हे तुमच्या नोंदी ठरवू शकतात. 'या बंधाऱ्यात, गळीत हंगामात, पहाटे, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी' असं वर्षभराच्या नोंदींवरून सांगता आलं तर समितीला दुपारी बारा वाजता गाडीतून उतरून स्वच्छ पाण्याचा नमुना नेता येत नाही.

शिवाय माहिती अधिकार. सांडपाणी प्रकल्पात किती येतं, किती शुद्ध होऊन बाहेर पडतं याच्या रोजच्या नोंदी मागा. कसबा बावड्याचा प्रकल्प ७६ दशलक्ष लिटरचा आहे. त्या नोंदी आणि तुमचे आकडे शेजारी ठेवले की शहराचं सांडपाणी नदीत आणणारा जयंती नाला खरोखर कितपत प्रकल्पाकडं वळवला जातो ते दिसेल.

थोडक्यात, तुमचा आकडा फिर्याद जिंकून देणार नाही. तो तपासणी योग्य जागी न्यायला भाग पाडेल. या दोन्हींत गल्लत केली की आंदोलनं फसतात.

अवांतर: तामिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीतल्या गावकऱ्यांनी २००४ पासून झाकणाच्या बादलीत पिशवी बसवून हवेचे नमुने घेतले. वासाची तक्रार कुणी ऐकत नव्हतं, वायूंची नावं आल्यावर ऐकावं लागलं.

---

मळईकर

मी शिरोळ तालुक्यातला. शेती नदीकाठी. वकीलसाहेबांनी बरग्यांचं काढलं म्हणून लिवतो.

आपलं हे कोल्हापूर पद्धतीचं बंधारं. पावसाळा सरला की बरगं घालत्यात, पाणी अडतंय. वरनं येणारं समदं त्या डोहात बसतंय, मळीमिश्रित पाणी, शहराचं सांडपाणी, इचलकरंजीचं रंगीत. तळाला काळा गाळ. मग कवातरी वरनं पाणी सोडत्यात न्हाईतर बरगं काढत्यात. त्यो साठलेला डोह गाळ उचलून एकदम खाली येतो आन् आमच्या बंधाऱ्यात मासं वर येत्यात. बातमीत येतंय 'शिरोळमध्ये मासे मेले'. अवो, मेलं इथं, मारलं वर!

म्हणून माझं म्हणणं, नुसता आकडा लिवू नगा. बंधाऱ्याला बरगं हायत का न्हाईत, पाणी व्हातंय का थांबलंय, रंग कसला, केंदाळ किती, ह्येबी लिवा. पाणी सोडलं की आकडा चांगला येणार. त्याचा अर्थ नदी सुधारली असा न्हाई.

आन् तपासणीला येणारं साहेब लोक साधारण म्हयन्यातनं एकदा येत्यात. मासं मरायला एक रात्र बास हाय.

---

बंधारेवाला

मळईकरांनी जे लिहिलं ते आमच्या खात्यात उभी हयात काढून काही जणांना कळत नाही. (निवृत्त आहे, आता बोलायला मोकळा.)

प्रत्येक नोंदीसोबत त्या जागची पाणीपातळी लिहाच. पुलाच्या खांबावर रंगानं खूण करून खाली किती पाणी आहे ते मोजलं तरी चालेल, फक्त खूण बदलायची नाही. प्रवाह माहीत नसताना पाण्याची प्रत सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

दुसरं, तुम्ही सगळे उन्हाळ्याच्या नदीवर बोलताय, पण लोकांच्या मोजणीला पुरात किती किंमत आहे ते सांगतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा गणिताच्या प्रारूपातून निघतात आणि प्रारूप खरं की खोटं हे प्रत्यक्ष पाणी कुठवर आलं त्यावरूनच तपासता येतं. नदीवरचं मोजमाप एखाद-दुसऱ्या ठिकाणी असतं. गल्लीबोळात पाणी कुठवर आलं ते फक्त घरमालकाला माहीत असतं. २०१९ आणि २०२१च्या खुणा भिंतींवर अजून आहेत, लोकांनी हौसेनं तारखाही लिहिल्यात. रंग देताना त्या पुसल्या जातायत. विद्यार्थ्यांनी दंबी (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन त्या खुणांची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून ठेवली तर पूररेषेवरच्या निम्म्या भांडणांचा निकाल आकड्यांवर लागेल. बिल्डरांना हे आवडणार नाही, ते सोडा.

---

भोरडी

पक्षीवाल्यांकडून दोन गोष्टी.

आम्हाला 'हौशी' म्हणून हसतात. रंकाळ्यावर, कळंब्यावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की लोक विचारतात, काय हरवलं काय? पण २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला तो आमच्यासारख्या सुमारे १५,५०० जणांच्या एक कोटीवर नोंदींवर. त्यात ८६७ जातींचा आढावा होता. गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथं तो मांडला गेला. २०२३च्या दुसऱ्या अहवालात नोंदी तीन कोटींवर, निरीक्षक ३०,००० आणि जाती ९४२. त्यातल्या १७८ जातींना संवर्धनात वरचा अग्रक्रम द्यावा असं निघालं. कुठल्याही खात्याला पगारी माणसं लावून हे जमलं नसतं.

पण हे नुसत्या संख्येनं झालं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना विचारतात: किती वेळ बघितलंस, किती चाललास, आणि दिसलेले सगळे पक्षी लिहिलेस की फक्त आवडलेले? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. कावळा, साळुंकी, पारवा लिहायचा कंटाळा करून फक्त दुर्मीळ पाखरू टाकलं तर त्या यादीवरून काय कमी झालं ते कळत नाही. 'दिसलं नाही' हीसुद्धा नोंद असते, ती पूर्ण यादीतूनच निघते. विचित्र नोंद आली की त्या भागातला जाणकार परीक्षक फोटो मागतो. मला स्वतःला मागितलाय, राग आला होता, आता येत नाही.

नदीला हेच लावा. मासे मेले त्या दिवशीच मोजलं तर नदी कायम मेलेली दिसेल. काही घडलेलं नसतानाचे, कंटाळवाणे गुरुवार वहीत हवेत.

जर्मनीत क्रेफेल्ड गावचं एक कीटक मंडळ आहे, बहुतेक सभासद हौशी. त्यांनी वर्षानुवर्षं एकाच घडणीचे जाळीचे सापळे लावले आणि अडकलेल्या कीटकांचं वजन करून ठेवलं. २०१७ साली त्या नोंदींवरून निघालं की ६३ संरक्षित जागांमध्ये २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन-चतुर्थांशांहून जास्त घटलं. जगभर खळबळ उडाली. सापळा मध्येच बदलला असता तर तो सगळा ढीग कामाचा राहिला नसता.

---

हुपरीची लेक

भोरडीदादांचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

आमच्या बचत गटातल्या बायकांना जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण मिळालंय. प्रत्येक गावात पाच बायका, अशी ती योजना. पेट्या आहेत, शिकलेल्या बायका आहेत, आकडे मोबाईलवरून वर जातात. नवीन माणसं शोधण्याआधी या बायकांना विचारा. एक अडचण: ती पेटी पिण्याच्या पाण्यासाठीची आहे, नळ आणि बोअरचं पाणी तपासायची. नदीत विंकलर करायचं तर वेगळं शिकवावं लागेल. शिकू.

जिवाणूंची काळी पडणारी बाटलीही आम्ही वापरतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८२च्या सुमाराला निघालेली युक्ती आहे म्हणे: पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर मैलापाण्याची शंका. पंचगंगेच्या पाण्याला ती वापरू नका, दरवेळी काळीच होणार आणि त्यातून नवीन काही कळणार नाही. नदीकाठच्या विहिरींना वापरा. नदीचं पाणी विहिरीत कुठवर मुरतंय हे बायकांना जास्त जवळचं आहे. २०१२ला इचलकरंजीत काविळीनं काय केलं ते आम्ही विसरलो नाही.

आणि पहाटे साडेपाचला नदीवर या म्हणताय. एकट्या बाईला त्या वेळी बंधाऱ्यावर पाठवणार नाही. दोघी-तिघींची जोडणी आणि येण्याजाण्याचा खर्च आधी ठरवा.

---

टायट्रेशन

ताई, जोडणी ठरल्याशिवाय कुणीच जाणार नाही, हा नियमच करू. पुरात तर कुणी पाण्याजवळ जायचंच नाही. ते महिने मोजणी बंद आणि तसं वहीत स्पष्ट लिहायचं.

---

कंदील

पन्हाळ्याकडचा. थोडा वेगळा सूर लावतो.

उघडे आकडे, उघडे आकडे असं सगळे म्हणतायत. ऑक्सिजनचा आकडा उघडा असू दे, त्याला कोण खणून नेणार? पण आमच्याकडं मसाई पठारावर, गडाच्या कड्यांवर कंदीलपुष्प या रानफुलाच्या दुर्मीळ जाती आहेत. फोटो टाकला, ठिकाण टाकलं की पुढच्या रविवारी गाड्या येतात. आय-नॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर होतं. आपले लोक तोच फोटो व्हॉट्सॅपवर नकाशासकट फिरवतात, त्याला कोण धूसर करणार?

दुसरं दुखणं, लोक जैवविविधता नोंदवही. २००२च्या कायद्यातली फार चांगली कल्पना, माधव गाडगीळांनी तिच्यासाठी गावोगाव काम केलं. कंदमुळं, मासे, जुनी बियाणं, कुठल्या रोगावर काय, हे गावानं लिहायचं आणि त्या माहितीवर गावाच्या समितीचा अधिकार. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड. धावपळ झाली. एका गावची नोंदवही मी चाळली. तिथं कधी न उगवणारी झाडं तिच्यात आहेत आणि ज्या धनगर आजोबांना पठारावरचं गवतन् गवत माहीत आहे त्यांचं नाव कुठंच नाही. मुदत पाळली, माहिती गेली.

युरोपातल्या नागरिक विज्ञान संघटनेनं २०१५ साली दहा तत्त्वं मांडली. सहभागी लोकांना त्यातून काही मिळावं, निष्कर्ष त्यांना कळवावेत, श्रेय द्यावं, असं त्यात आहे. छान आहे. तुमच्या नदीच्या वहीत बाटली भरणाऱ्याचं नाव असेल का, की शेवटी एखाद्या प्राध्यापकाचा शोधनिबंध येईल आणि मळईकर 'स्थानिक स्वयंसेवक' होतील?

---

पंचगंगाकाठ

कंदील, नाव असेल. ज्याला नको असेल त्याचं नसेल. मळी सोडणाऱ्याच्या दारात राहून आकडा लिहिणाऱ्याला नाव लपवायचा हक्क हवा.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे घेणारा कोण याला, मला सर्वात पटलेलं उदाहरण घानाचं. किनारे साफ करताना स्वयंसेवक कुठला प्लास्टिक कचरा किती सापडला हे मोजून लिहितात. अशी मोजणी जगभर चालते आणि बहुतेक ठिकाणी तशीच पडून राहते. घानात तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याला, पर्यावरण खात्याला आणि या स्वयंसेवी गटांना एका टेबलावर बसवलं, पद्धत जागतिक व्याख्येला जुळते का ते तपासलं, आणि २०२२च्या राष्ट्रीय अहवालात समुद्री प्लास्टिकच्या निर्देशकासाठी ते आकडे अधिकृत म्हणून गेले. असं करणारा तो पहिला देश. आयआयएएसएची मंडळी यात होती. त्यांनी तिथं कचरा वेचला नाही, घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून दिली.

म्हणून क्रम बदलावा असं मला आता वाटतं. वर्षभर मोजून मग निवेदन घेऊन जायचं, ही आपली नेहमीची रीत. त्याऐवजी मोजणी सुरू व्हायच्या आधी पद्धतीचा कागद मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, महापालिकेला आणि विद्यापीठाला द्यायचा: या जागा, ही वेळ, ही पद्धत, आक्षेप असेल तर महिन्याभरात कळवा. कळवला तर सुधारू. नाही कळवला तर नंतर 'पद्धतच चुकीची होती' म्हणायची सोय राहत नाही. दर दहा बाटल्यांमागे एक जोडबाटली (त्याच पाण्याची दुसरी बाटली) दुसऱ्या प्रयोगशाळेत, म्हणजे आपलाही आकडा तपासला जाईल. मंडळाचा नमुना ज्या दिवशी ज्या जागी असेल त्या दिवशी आपणही तिथंच. दोन्ही आकडे जुळले तर आपली बाकीची बाटलीही वजनदार होते.

---

काळा कोट

कागद देताना आवक क्रमांक घ्या. आणि नृसिंहवाडीचं ठिकाण यादीत घाला. तिथं कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर लोक बारमाही अंघोळ करतात, पुराचं पाणी दत्तमंदिरातून वाहतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याला तर झुंबड. अंघोळीच्या पाण्याचा निकष तिथं लावा असं म्हणायला याहून बळकट जागा नाही. यॉर्कशायरवाल्यांनी सांगितलं तसं नदीत उतरणाऱ्यांची मोजणीही करा.

---

तिखट रस्सा

आवक क्रमांकाचं ऐकून जरा विश्वास बसला. अजूनही माझं म्हणणं आहे की पाच वर्षांनी हीच वही चालू असेल तर आपण हरलो असं धरायचं, कारण तेव्हा हे काम मंडळाचं झालेलं असायला हवं. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहा. मग माझी गाडी आणि डिझेल गुरुवारी पहाटे तुमचं. नदीत मात्र मी उतरणार नाही.

---

बंधारेवाला

+१. गाडीत मलाही जागा ठेवा. प्रयाग चिखली, शिवाजी पूल, राजाराम बंधारा या तीन ठिकाणच्या खुणा मी करून देतो. जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा घ्या, नाहीतर फरक कळायचा नाही. नमुना फक्त एकाच काठावरून नको, सांडपाणी बरंच अंतर एका काठानंच वाहतं. पुलावरून मध्यधारेत दोरीनं बाटली सोडता आली तर उत्तम.

---

मळईकर

तेरवाडचं मी बगतो. भाचा हाय बरोबर, बीएस्सीला हाय. दोरीनं बाटली सोडली तर पडताना बुडबुडं येणार की! मॅडम, त्याचं काय करायचं?

---

टायट्रेशन

बरोबर पकडलंत. नुसती बाटली सोडायची नाही. वजन लावलेल्या डब्यात बाटली बसवायची, डब्याच्या झाकणातून एक नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यायची आणि हवा जायला दुसरी छोटी नळी. पाणी तळातून भरत वर येतं, बाटली दोन-तीनदा भरून वाहते, मग डबा भरतो. असा डबा पत्र्याच्या दुकानात करून मिळतो, आमच्या प्रयोगशाळेत एक जुना आहे. शनिवारी त्याचं माप घेऊन आकृती इथं टाकते. भाच्याला तोवर बूच बसवायचा सराव साध्या पाण्यावर करू दे.